घाटावरचा समुद्र: कमी खर्चात प्रवाळाची टाकी

(नाशिकमधील हौशी मत्स्यपालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवात पैशांपासूनच करते, कारण खाऱ्या पाण्याची टाकी म्हटलं की पहिला प्रश्न तोच येतो. हे आपल्याला झेपेल का? झेपेल, पण बचत कुठे करायची हे आधी ठरवायला हवं. काच, स्टँड, दगड, वाळू यांत हात आखडता घेतला तरी चालेल. पाण्यात आणि प्राण्यांत घेऊ नका. आणि खरी मोठी बचत होते ती थांबण्यातून. पाणी तयार होण्याआधी आणलेला मासा मरतो, मग दुसरा आणला जातो, तोही मरतो. या छंदातला बराचसा पैसा असाच वाया जातो, आणि जीवही हकनाक जातात. त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

टाकी दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच घ्या. तिच्यात साधारण 88 लिटर पाणी मावतं; दगड आणि वाळू घातल्यावर हाती 70 लिटर राहतं. फूटभराची टाकी स्वस्त दिसते, पण थोड्या पाण्यात सगळंच झटकन बदलतं: तापमान, क्षारता, आणि माशांच्या घाणीतून येणारा विषारी अमोनिया. नवख्याने लहान टाकीपासून सुरुवात करावी हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही. 8 मिलिमीटरची काच सिलिकॉनने जोडून टाकी बनवणारे कारागीर आपल्याकडे आहेत. तयार सेटपेक्षा ते परवडतं. भरलेल्या टाकीचं वजन सव्वाशे किलोच्या घरात जातं, तेव्हा टीव्हीच्या टेबलावर ती ठेवायची नाही.

आता पाणी. कसारा घाट उतरून मुंबईहून किंवा डहाणूहून समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणावं, असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. आणू नका. किनाऱ्यालगतच्या पाण्यात खाडीचा गाळ आणि सांडपाणी मिसळलेलं असतं, पावसाळ्यात नद्यांच्या पुराने त्याची क्षारता उतरते, आणि आज मिळालं तसं पाणी पुढच्या वेळी मिळेल याची खात्री नसते.

मग साधं मीठ का चालत नाही? हे नीट समजून घेण्यासारखं आहे. मिठागरात समुद्राचं पाणी आटत जातं तेव्हा सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी कॅल्शियम जिप्समच्या रूपाने बसतं, मग सोडियम क्लोराइड, म्हणजे आपलं जेवणातलं मीठ. मॅग्नेशियम शेवटच्या कडू पाण्यात उरतं आणि ते पाणी वेगळं काढलं जातं. त्यामुळे पिशवीतलं मीठ पाण्यात विरघळवून समुद्र परत मिळत नाही. प्रवाळाला लिटरमागे 400 ते 450 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, 1250 ते 1350 मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागतं, आणि अल्कलिनिटी, म्हणजे पीएच टिकवून धरणाऱ्या कार्बोनेटचं प्रमाण, 8 ते 9 डीकेएच (हे तिचं एकक) लागते. हे सगळं जुळवून आणलेलं रीफ सॉल्ट विकतच घ्या. लिटरला साधारण 35 ग्रॅम या हिशेबाने पहिल्या भरणीला अडीच किलो लागेल. पुढे आठवड्याला सात लिटर पाणी बदललं की पाव किलो. आकडा मुद्दाम सांगितला, कारण लोक घाबरतात तेवढा हा खर्च नाही.

मीठ ज्या पाण्यात घालायचं ते शुद्ध हवं. आपल्याकडे गंगापूर धरणाचं पाणी येतं, ते क्लोरीन घातलेलं असतं. बोअरचं पाणी काळ्या खडकातून येतं आणि जड असतं. घरचा आरओ उपयोगी पडतो, पण त्यात एक गोम आहे. पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात, शिवाय शेवटी मिनरलची कार्ट्रिज असते. म्हणून मेंब्रेनमधून बाहेर येणारं पाणी या दोन्हींच्या आधीच वेगळ्या नळीने काढून घ्या आणि उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या, रंग बदलणाऱ्या डीआय रेझिनच्या कार्ट्रिजमधून न्या. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य आलं पाहिजे. पाण्यात सिलिका राहिली तर वाळूवर तपकिरी थर धरतो. डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाचा हा थर नव्या टाकीत थोडाफार येतोच आणि आपणहून जातो, पण सिलिका मिळत राहिली तर हटत नाही.

आता जे सांगते आहे ते आपल्या नाशिककरांसाठी खास आहे. तांबं. मासा थोडं तांबं सोसतो, प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगाय सोसत नाहीत. तुमच्यातल्या अनेकांच्या घरी द्राक्षबाग आहे. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण ज्या बादलीत कालवलं, ती कितीही धुतली तरी टाकीच्या कामाला घेऊ नका. प्लास्टिकच्या ओरखड्यांत तांबं अडकून राहतं. फवारणी करून आलेले हात टाकीत घालू नका. आणि आपल्या गावची तांब्या-पितळेची भांडी कितीही देखणी असली, तरी टाकीचं पाणी त्यांच्यात कधी धरू नका. एक पांढरी नवी बादली आणा, तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत ‘टाकी’ लिहा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

त्या बादलीत मीठ घातलं की पाणी आधी दुधाळ होतं. आत लहान पंप सोडून ठेवा. दुसऱ्या दिवशी तळाशी पडलेलं नाणं स्वच्छ दिसेल इतकं ते निवळतं. (ते नाणं नुसतं उदाहरणाला, धातू आत टाकू नका.) मग रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे क्षारता मोजणाऱ्या यंत्राच्या, काचेवर दोन थेंब ठेवायचे, झाकण हलकेच मिटायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि उजेडाकडे धरून बघायचं. निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतो ती रेघ 35 वर यायला हवी. हे यंत्र आधी 35च्याच प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्या. प्लास्टिकच्या डबीतला तरंगता काटा स्वस्त मिळतो, पण मला तो भरवशाचा वाटत नाही. इथे पैसे घालाच.

दगड आणि वाळू मात्र नाशिकमध्येच तयार होते. कोंबडीखाद्याच्या दुकानात शेल ग्रिट मिळते, म्हणजे शिंपल्यांचा चुरा. औषध किंवा खाद्य न मिसळलेली घ्या, पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि तळाला इंचभरच पसरा. थर जाड झाला की घाण साठते. दगडासाठी पांढरं सिमेंट एक भाग, शेल ग्रिट तीन-चार भाग आणि मूठमूठ जाडं मीठ कालवून ओबडधोबड गोळे करा. घट्ट झाले की साध्या पाण्यात बुडवून ठेवा. मीठ विरघळतं आणि आत भोकं उरतात. तीच घाण पचवणाऱ्या जिवाणूंची घरं. सिमेंटमधला चुना पाण्याचा पीएच वर चढवतो, म्हणून पाणी बदलत दीड-दोन महिने थांबायचं. पीएच साडेआठच्या खाली टिकला की दगड तयार. आपला काळा बेसाल्ट फुकट मिळतो, पण तो घट्ट असतो, त्यात जिवाणूंना जागा कमी.

तुम्ही म्हणाल, दुकानात लाइव्ह रॉक मिळतो की. भारतातल्या समुद्रातून काढलेला तो दगड म्हणजे दगडी प्रवाळाचा सांगाडा. 2001 मध्ये 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळे दगडी प्रवाळ आले. काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखेही आले. वाघाला जे संरक्षण आहे तेच यांना. समुद्रघोडा आणि समुद्रकाकडीही त्याच वर्षी कायद्याच्या कक्षेत आल्या. आणि कायद्याच्या धाकापलीकडेही एक गोष्ट आहे. कच्छचं आखात, मन्नारचं आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार, एवढेच आपले मोठे प्रवाळ प्रदेश. आपल्या महाराष्ट्राकडे मालवणचे प्रवाळ आणि विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटर आत समुद्रात बुडालेली आंग्रिया बँक. पाणी तापलं की ही प्रवाळं आधीच पांढरी पडत आहेत. त्यातला एक तुकडा आपल्या दिवाणखान्यासाठी तोडला जावा, हे मला सहन होत नाही. दुकानदार कितीही स्वस्तात देऊ देत, नाही म्हणा.

मग टाकीत काय ठेवायचं? चुन्याचा सांगाडा न बांधणारे जीव: झोअँथिड (चकत्यांसारखे मऊ जीव) आणि मशरूम प्रवाळ. टाकीतच वाढवलेल्या वसाहतीतून कापलेले तुकडे घ्या आणि पक्की पावती मागा. आयात केलेले असतील तर कागदपत्रं बघा. झोअँथिड कमी उजेडात, साध्या एलईडीतही तग धरतात. 450 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड मिळाला की त्यांच्या पेशींतलं शैवाल अन्न तयार करतं. सकाळी दिवा लागल्यावर बघत बसा. आधी मिटलेली बोंडं दिसतात, मग एकेकाच्या कडेने बारीक झालर बाहेर येते, आणि अर्ध्या तासात सगळा दगड हिरव्या-केशरी चकत्यांनी भरून जातो. मात्र या कुळातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. हातमोज्यांशिवाय हाताळू नका, आणि त्यांचा दगड कधीही उकळू नका; ती वाफ श्वासात जाणं जिवावर बेततं.

पाणी पिकवण्याची, म्हणजे टाकीत हे जिवाणू वाढवून पाणी तयार करण्याची, पद्धत थोडक्यात सांगते. जिवाणूंना आधी खाद्य लागतं, म्हणून अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर, अर्धा ग्रॅम टाका. 70 लिटरला साधारण 2 पीपीएम, म्हणजे लिटरमागे 2 मिलिग्रॅम, अमोनिया होतो. पण कल्हईवाल्याकडचा नको, प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातला शुद्ध घ्या. अमोनियाचं नायट्राइट होतं, नायट्राइटचं नायट्रेट. चार ते सहा आठवड्यांनी, टाकलेला अमोनिया एका दिवसात शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, की बरंचसं पाणी बदलून पहिला जीव सोडायचा. त्याआधी नाही.

मासा म्हणाल तर क्लाऊनफिशची एक जोडी पुरे. तिची हॅचरीत पैदास करण्याचं तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशात बसवलेलं आहे, म्हणून समुद्रातून पकडलेली घेण्याचं कारणच नाही. जोडीतला मोठा मासा मादी होतो. निळा टँग मागू नका, तो फूटभर वाढतो.

आता नाशिकची हवा. एप्रिल-मे मध्ये खोली तापते, आणि टाकी 25-26 अंशांवर हवी. पाणी गार करणारं यंत्र, म्हणजे चिलर, महाग आहे. पाण्यावर वारा घालणारा छोटा पंखा दोन-तीन अंश उतरवतो, कारण आपला उन्हाळा कोरडा. त्या बदल्यात पाणी उडतं, दिवसाला लिटर-दीड लिटर. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. सात लिटर कमी झालं तर 35ची क्षारता 39 होते. म्हणून टाकीवर पाण्याच्या पातळीची रेघ मारून ठेवा आणि रोज सकाळी तिथपर्यंत बिनमिठाचं शुद्ध पाणी घालायचं. थंडीत निफाडकडून गार वारं येतं, तेव्हा 100 वॅटचा हीटर लागतो. अल्कलिनिटी घटली तर खाण्याचा सोडा चालतो: 70 लिटरला साधारण दोन ग्रॅम सोड्याने ती एक डीकेएचने वाढते. आधी मोजा, मगच घाला, आणि दिवसात एवढंच.

एका ताईंनी विचारलंय, वीज गेली तर? वळवाच्या पावसात ती जातेच. अशा वेळी प्रवाळाआधी मासे दगावतात, कारण पाणी हलायचं थांबलं की प्राणवायू संपत जातो. हीटर-दिवा चार-सहा तास बंद राहिला तरी बिघडत नाही. बॅटरीवरचा एअर पंप ठेवा, तो कमी किमतीत मिळतो. घरी इन्व्हर्टर असेल तर फक्त वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवत ठेवणारा पंप, त्यावर जोडा. आणि तेवढा वेळ खाऊ घालू नका.