कुंडीतला कढीपत्ता

उन्हासमोर धरलेलं हे पान. नीट बघा, आत सुईनं टोचल्यासारखे बारीक ठिपके आहेत. ठिपक्या-ठिपक्यात तेल भरलेलं असतं. पान चुरगळलं की ठिपके फुटतात आणि तो वास हाताला लागतो. लिंबाच्या पानातही असेच ठिपके दिसतात. कढीपत्ता त्याच कुळातला.

आणि ज्याला आपण एक पान म्हणतो, ती असते पर्णिका. हा मधला देठ आणि त्याच्या दोन्ही अंगांच्या या सगळ्या पर्णिका मिळून एक पान होतं. पुढे कात्री हातात घेऊ, तेव्हा हे लागणार आहे.

ही पिकून काळी झालेली फळं. गर काढून बी आजच मातीत जायला हवं. वाळवून डबीत ठेवलेलं बी थोड्याच आठवड्यांत मरतं. आणि हा तीन-चार आठवड्यांनी वर आलेला कोंब. पहिलं वर्षभर तो जवळजवळ एवढाच राहील. त्याला काही झालेलं नसतं. हे मुळात झाड आहे, जमिनीत दोन माणसांच्या उंचीपेक्षाही वर जाणारं. आधी ते मुळं धरतं. कित्येक रोपं याच दिवसांत जास्त पाणी पिऊन जातात.

म्हणून कुंडी आधी सहा इंचांची, तळाला भोक असलेली. मुळं भरली की दोन इंच मोठी. निम्मी माती, बाकी कुजलेलं खत आणि जाडी वाळू. वरची माती बोटाला कोरडी लागली की पाणी, आणि दिवसाचं सहा तास तरी ऊन.

आता ही दोन रोपं. दोन्ही एकाच वेळी लावलेली. या पहिल्याची खालची पानं लागतील तशी ओरबाडली गेली. उरली ती उघडी काठी आणि टोकाला झुपका. दुसऱ्याचीही पानं खाल्लीच आहेत, पण दर वेळी शेंडा कापून. प्रत्येक देठाच्या बगलेत एक डोळा झोपलेला असतो. शेंडा आहे तोवर तो या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंडा गेला की खालचे दोन-तीन डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या दोन-तीन फांद्या होतात. कात्री इथे चालवायची, देठाच्या जरा वर. कळ्यांचा घोस आला तर तोही काढायचा, पानं हवी असतील तर.

ही पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची आहे. मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचली तर अशी नारिंगी शिंगं बाहेर काढते. एवढ्याशा रोपावर अशा चार असतील, तर शेंडे उरत नाहीत. आम्ही ती उचलून मोठ्या झाडावर ठेवली. कोवळ्या पानांवर सिट्रस सायला नावाची बारीक कीडही येते. तीच लिंबू-संत्र्यांच्या बागा मारणारा रोग पसरवते, म्हणून काही देशांत हे रोप एका भागातून दुसऱ्या भागात न्यायला बंदी आहे.

थंडीत पानं पिवळी पडून गळतात. तेव्हा पाणी कमी करायचं आणि कुंडी आत घ्यायची.

शेंडा कापला, त्याला आज बारा दिवस झाले. कापलेल्या टोकाखाली हा एक डोळा, हा दुसरा. आणि पलीकडच्या बाजूला, अजून पुरता न उघडलेला, तिसरा.