पेन्सिल सेल फेकता कशाला, चार्ज करा की!

नमस्कार नाशिककर मंडळी! आज बोलायचंय पेन्सिल सेलबद्दल, म्हणजे आपले डबल ए आणि ट्रिपल ए. टॉर्च, कॅमेऱ्याचा फ्लॅश, पोरांच्या गाड्या, वायरलेस माउस, सगळीकडे हेच लागतात, संपले की एमजी रोडवरून नवीन पाकीट आणायचं आणि जुने थेट डस्टबिनमध्ये. मला मनापासून वाटतं की हे आता थांबवूया.

लोकांची पहिली शंका व्होल्टेजची. अल्कलाइन, म्हणजे एकदा वापरून फेकायचा सेल, १.५ व्होल्टचा आणि रिचार्जेबल, म्हणजे निकेल मेटल हायड्राइडवाला, १.२ चा, मग चालणार कसा? अहो चालतो, कारण अल्कलाइनचं १.५ टिकतं किती वेळ, वापर सुरू झाला की ते हळूहळू उतरतच जातं, आणि रिचार्जेबल मात्र संपत येईपर्यंत १.२ च्या आसपास ठाम राहतो. म्हणून बहुतेक वस्तूंना फरक पडत नाही, फार तर बॅटरीची खूण एक कांडी कमी दाखवेल. उलट फ्लॅशसारखी वस्तू एका दमात भरपूर करंट खेचते, तिथे अल्कलाइन लवकर दमतो आणि हा टिकतो. हरिहरला ट्रेकला जाणाऱ्यांनी, नांदूर मध्यमेश्वरला पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांनी तर नक्की घ्यावेत.

दुसरी तक्रार, ठेवल्या ठेवल्या उतरतात. जुन्यांचं ते खरंच होतं. पण २००५ मध्ये सान्यो कंपनीने एनेलूप नावाचे सेल काढले, तेव्हापासून चार्ज धरून ठेवणारे सेल मिळतात, वर्षभर ड्रॉवरमध्ये पडले तरी बराचसा चार्ज शिल्लक असतो. पाकिटावर डबल एची क्षमता २००० एमएएचच्या आसपास लिहिलेली असली की पुरे, फार मोठ्या आकड्याच्या स्वस्त सेलना भुलू नका.

आणि चार्जर! सेलवर खर्च करतात आणि चार्जर मात्र मिळेल तो, इथेच सगळं बिघडतं. प्रत्येक सेल वेगळा तपासून भरला की आपोआप थांबणारा चार्जर घ्या, नुसत्या टायमरवाल्यात अर्धे भरलेले सेल ठेवले तर ते तापतात आणि त्यांचं आयुष्य जातं. साधा अल्कलाइन चुकूनही चार्जरमध्ये घालू नका, फुटू शकतो.

भिंतीवरच्या घड्याळाला साधाच सेल ठेवा, तिथे करंट इतका कमी लागतो की रिचार्जेबलचे पैसे वसूल व्हायला वर्षं लागतील. बीपी मशीन किंवा स्मोक अलार्मच्या पुस्तिकेत अल्कलाइनच वापरा म्हटलं असेल तर तेच ऐका.

आता एक काम करा, बरेच दिवस न वापरलेल्या टॉर्चचं झाकण उघडून बघा. स्प्रिंगवर पांढरी पावडर दिसली तर सेल गळलाय. ते अल्कलाइनमधून गळलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडपासून झालेलं असतं, हाताला चरचरतं, म्हणून हातमोजे घालून इअरबडवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, कोरडं होऊ द्या, मगच नवीन सेल घाला. गळलेला सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नका, कागदात गुंडाळून घंटागाडीवाल्या दादांच्या हातात वेगळा द्या आणि आत काय आहे तेही सांगा.