बाळाचं नाव रेशन कार्डावर आहे का?

[दृश्य : सकाळ. सीपीआर रुग्णालयाचं आवार, केसपेपरची खिडकी, पुढे योजनेचा कक्ष.]

कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआर या सरकारी रुग्णालयात, जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांतून माणसं येतात. चंदगडहून निघालेल्यांनी पहाटेची एसटी धरलेली असते. केसपेपर निघतो, डॉक्टर तपासतात, ऑपरेशन लागेल म्हणून सांगतात. मग नातेवाईक महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या, म्हणजे सरकारच्या मोफत उपचार योजनेच्या, कक्षात पोहोचतात आणि तिथला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, विचारतो, रेशन कार्ड आणलंय का? आणि पेशंटचं नाव त्यात आहे का?

घराची खरी अडचण बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नाशी सुरू होते. कार्ड असतं, पिवळं किंवा केशरी असतं. पण ज्या चार वर्षांच्या पोरीच्या हृदयाला छिद्र आहे, तिचं नाव त्यावर कुणी चढवलेलंच नसतं.

[दृश्य : पिवळं, केशरी आणि पांढरं रेशन कार्ड, शेजारी शेजारी.]

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर पसरली. २०१७ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. केंद्राची आयुष्मान भारत योजना १ एप्रिल २०२० पासून तिच्याशी जोडली गेली. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, आता ५ लाख आहे. मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी २०२३ मध्ये मर्यादा साडेचार लाखांची ठरली. हे ५ लाख माणशी नाहीत, अख्ख्या कुटुंबाचे आहेत. एकाच पेशंटवर सगळे खर्च होऊ शकतात, आणि तसं झालं तर त्या वर्षात बाकीच्यांना काही उरत नाही.

पात्रतेबद्दल मात्र अजून जुनीच माहिती सांगितली जाते. पूर्वी पिवळं कार्ड, म्हणजे वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत, आणि केशरी कार्ड, म्हणजे १ लाखापर्यंत, प्रामुख्यानं यांनाच लाभ होता. जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ही भिंत काढली आणि १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डाची कुटुंबंही आत आली. रेशन कार्डच नसेल, तर अधिवास प्रमाणपत्र असलेलं कुटुंबही पात्र धरलं जातं. तेव्हा या योजनेसाठी उत्पन्नाच्या दाखल्यामागं धावण्यात दिवस घालवू नका. तो दाखला लागतो धर्मादाय रुग्णालयात. तिथं वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना राखीव खाटांवर मोफत, तर ३ लाख ६० हजारांपर्यंत निम्म्या खर्चात उपचार मिळतात. ती सवलत वेगळी आणि तिचा कायदाही वेगळा.

थोडक्यात, पेशंटची गरिबी इथं कुणी मोजत नाही. त्याचं नाव चालू कार्डावर सापडतं का, एवढंच बघतात.

[दृश्य : तहसील कार्यालय, पुरवठा शाखेसमोरची रांग.]

कार्ड चालू आहे याचा अर्थ त्याचा १२ अंकी नंबर ऑनलाइन दिसतो. रेशन दुकानदाराकडे तो लगेच कळतो, ‘मेरा राशन’ ॲपवरही बघता येतो. पांढऱ्या कार्डांत इथंच घोटाळा निघतो. वर्षानुवर्षं धान्य उचललेलं नसतं, कार्ड कपाटात पडलेलं असतं, आणि संगणकात त्याची नोंदच नसते. अशा वेळी पुरवठा शाखेत जाऊन कार्ड ऑनलाइन करून घ्यावं लागतं. हे काम पेशंट खाटेवर असताना करणं फार जीवावर येतं.

नाव वाढवायला नमुना ८ चा अर्ज लागतो, कमी करायला नमुना ९ चा. बाळासाठी जन्मदाखला आणि आईवडिलांचं आधार पुरतं. सुनेचं नाव जास्त अडतं, कारण आधी माहेरच्या कार्डातून ते कमी करून तसा दाखला आणावा लागतो. लग्न होऊन तीन-चार वर्षं झाली तरी हे राहून जातं. मग बाळंतपणात गुंतागुंत झाली की आईचं नाव एका तालुक्यात, बाळाचं कुठंच नाही, अशी गत होते. लग्नानंतर पहिल्या महिन्यातच हे काम उरकावं, इतकं ते महत्त्वाचं आहे.

[दृश्य : यंत्रमागावर काम करणारे हात, मग आधार केंद्रातलं ठशाचं यंत्र.]

पुढची पायरी आयुष्मान कार्डाची, म्हणजे योजनेच्या ओळखपत्राची. आयुष्मान ॲपवर, आपले सरकार केंद्रात, आशाताईंकडं किंवा योजनेच्या रुग्णालयात ते निघतं. आधारची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, होते आणि आधारवरचं नाव रेशन कार्डाच्या नावाशी ताडून बघितलं जातं. एकीकडे ‘बाळू’ आणि दुसरीकडे ‘बाळासाहेब’ असेल, जन्मवर्षात फरक असेल, तर अर्ज आपोआप मंजूर होत नाही, तपासणीसाठी थांबतो. कुठलं कागदपत्र दुरुस्त करायचं ते आधी ठरवा. जे कागदपत्र जन्मदाखल्याशी किंवा शाळेच्या दाखल्याशी जुळतं ते तसंच ठेवा, दुसरं बदला.

इचलकरंजीच्या यंत्रमागावर, शिरोलीच्या फाउंड्रीत, ऊसतोडीत हाताच्या रेषा झिजतात आणि ठसा उमटत नाही. त्यावर उपाय ओटीपीचा किंवा चेहऱ्याच्या पडताळणीचा. पण ओटीपी येण्यासाठी आधारला मोबाईल नंबर जोडलेला हवा, आणि तो नंबर आज वापरात असला पाहिजे. रिचार्ज संपून बंद पडलेलं सिम आधारला जोडलेलं असतं, हे तर नेहमीचं.

मुलांचं वेगळं आहे. पाच वर्षांखालच्या निळ्या आधारवर ठसे नसतात. पाच वर्षं पूर्ण झाली की ठसे आणि डोळ्यांची नोंद करून घ्यावी लागते. पुन्हा पंधराव्या वर्षी. ही नोंद राहिली तर दहा वर्षांच्या मुलाचा ठसा लागायचा तरी कसा? म्हणून शाळेत नाव घालतानाच आधार केंद्रात जाऊन या.

[दृश्य : अंगणवाडी. डॉक्टर बाळाच्या छातीला स्टेथोस्कोप लावतात.]

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून देशभर सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात तपासणी होते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ किंवा टाळू, वाकडा पाय, जन्मजात मोतीबिंदू, ऐकू न येणं, हे दोष या तपासणीत सापडतात. पथक पुढं पाठवायची चिठ्ठी देतं. ती चिठ्ठी जपून ठेवा. दोष सापडूनही मूल ऑपरेशनपर्यंत पोहोचत नाही तेव्हा मध्ये अनेकदा कागदच अडलेला असतो, आणि त्याचं फार वाईट वाटतं. दूध पिताना धाप लागते, वजन वाढत नाही, एवढी लक्षणं असतील तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका, थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

नवजात बाळाचं नाव कार्डावर नाही म्हणून उपचार थांबत नाहीत. जन्मदाखला, आईचं किंवा वडिलांचं रेशन कार्ड आणि त्यांच्यासोबतचा बाळाचा फोटो यावर नोंदणी होते. आश्रमशाळेतल्या आणि अनाथाश्रमातल्या मुलांनाही योजना लागू आहे.

[दृश्य : खासगी रुग्णालयाचा दर्शनी भाग, योजनेचा फलक, आरोग्यमित्राचं टेबल.]

उपचार अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील केलेल्या, रुग्णालयातच मिळतात. दारात फलक दिसला तरी तेवढ्यावर थांबू नका. एखादं रुग्णालय हाडांच्या ऑपरेशनसाठी योजनेत असतं, पण मेंदूच्या नसतं. तुमच्या आजाराचा विभाग अंगीकृत आहे का, हे नेमकं विचारा. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, त्या खासगीत योजनेतून होत नाहीत. चंदगड, आजऱ्याकडचे पेशंट बेळगावला नेतात. निघण्याआधी तिथं फोन करून योजना चालते का ते विचारून घ्या. बीड, धाराशिवकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांचं गावाकडचं कार्ड मात्र कोल्हापुरात चालतं. कार्ड गावी राहिलं असेल तर निदान त्याचा फोटो आणि १२ अंकी नंबर मोबाईलमध्ये ठेवा.

आयुष्मान कार्ड अजून निघालं नसलं तरी रेशन कार्ड आणि फोटोचं ओळखपत्र घेऊन आरोग्यमित्राकडं नोंदणी होते. मग रुग्णालय तपासण्यांचे रिपोर्ट जोडून ऑनलाइन मंजुरी मागतं. तातडीच्या वेळी फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात आणि कागद मागाहून द्यायचे असतात. त्यांची मुदत त्याच दिवशी आरोग्यमित्राला विचारून ठेवा.

चूक बहुधा पहिल्या दोन तासांत होते. घाबरलेले नातेवाईक नोंदणी न करता साधे पेशंट म्हणून दाखल होतात, रोख पैसे भरतात, आणि तिसऱ्या दिवशी योजना आठवते. तोपर्यंत भरलेले पैसे परत मिळवणं अवघड होऊन बसतं. दाखल करतानाच ‘योजनेतून’ असं स्पष्ट सांगा. स्वतंत्र खोली मागितली तर योजना सुटते. जनरल वॉर्ड, ऑपरेशन, औषधं, जेवण हे सगळं पॅकेजमध्ये येतं. बाह्यरुग्ण विभागातला साधा ताप-खोकला त्यात येत नाही.

मंजुरी नाकारली गेली, तर कारण विचारा. पुष्कळदा एखादा रिपोर्ट जोडायचा राहिलेला असतो आणि तो दिला की काम पुढं सरकतं. पैसे मागितले गेले, तर पावती घ्या आणि १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवा. आयुष्मान कार्डासाठी १४५५५ आहे.

[दृश्य : डिस्चार्जचं टेबल. एक आई कागद वाचते आहे.]

घरी सोडताना एका पत्रावर पेशंटची सही घेतात. उपचार मोफत झाले, तक्रार नाही, असा त्याचा आशय असतो. वाचता येत नसेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या. पैसे घेतले असतील तर ते त्यात लिहा आणि मगच सही करा. डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासणी पॅकेजमध्येच धरलेली आहे, तेव्हा टाके काढायच्या तारखेला डिस्चार्ज कार्ड घेऊन त्याच रुग्णालयात परत जा. तिथं वेगळी फी देऊ नका.