द्राक्षबागेतला ब्लोअर आणि ‘विकास’ इंजिन

(दृश्य: निफाडची द्राक्षबाग, ब्लोअर चालू)

नोझलची चकती झिजली की थेंब जाड पडतो, पानावरून ओघळतो आणि औषध वाया जातं. नाशिकच्या बागायतदाराला हे वेगळं सांगावं लागत नाही. द्रव इंधनाच्या रॉकेट इंजिनात फवारणीचं हेच काम इंजेक्टर करतो. फक्त तिथे थेंब चुकला, तर अख्खं रॉकेट जातं.

(दृश्य: ‘विकास’ इंजिनाची आकृती)

इस्रोचं ‘विकास’ हे फ्रान्सच्या ‘वायकिंग’वरून घडलेलं इंजिन, करार १९७४चा. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यात असं एक इंजिन असतं, एलव्हीएम-३ रॉकेटच्या एल-११० या द्रव इंधनाच्या टप्प्यात दोन.

यात ठिणगी लागत नाही. यूएच-२५ हे इंधन, म्हणजे तीन भाग यूडीएमएच (हायड्राझिनच्या कुळातलं एक द्रव इंधन) आणि एक भाग हायड्राझिन हायड्रेट. ते नायट्रोजन टेट्रॉक्साइडला, म्हणजे जळण्यासाठी ऑक्सिजन पुरवणाऱ्या द्रवाला, भिडलं की आपोआप पेटतं. सोय मोठी, पण दोन्ही द्रव जहाल विषारी. टेट्रॉक्साइड तर २१ अंशांनाच उकळतं. नाशिकच्या उन्हाळ्यात उघडं ठेवलं, तर तांबूस धूर सोडत उडून जाईल.

ज्वलनकक्षातला दाब साठ बारच्या आसपास, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या जवळपास साठपट. त्याविरुद्ध द्रव आत ढकलायचे, म्हणून टर्बोपंप, म्हणजे टर्बाइनवर चालणारा पंप. टर्बाइन फिरवणारा वायू इतका तापतो की त्यात पाणी फवारून तो थंड करावा लागतो, नाहीतर पाती टिकणार नाहीत. म्हणजे या इंजिनाला इंधनाखेरीज पाण्याचीही टाकी लागते!

(दृश्य: युरोपचं एरियान रॉकेट)

इंजेक्टरची खरी परीक्षा १९८०च्या मे महिन्यात झाली. एरियानच्या दुसऱ्या उड्डाणात एका वायकिंग इंजिनातलं ज्वलन थरथरू लागलं. ज्योत हलली की दाब हलतो, दाब हलला की फवारा हलतो आणि फवारा पुन्हा ज्योत हलवतो. सेकंदाला हजारो वेळा चालणारा हा हेलकावा धातूला झेपत नाही. रॉकेट गेलं. त्यानंतर इंजेक्टरची भोकं बदलली. निव्वळ यूडीएमएच जाऊन यूएच-२५ आलं तेही तेव्हाच.

दुसरा घोटाळा मात्र अगदी साधा. फेब्रुवारी १९९०मध्ये आणखी एक एरियान कोसळलं, कारण वायकिंगच्या पाण्याच्या नळीत कुणाचं तरी फडकं राहिलं होतं. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत नळ्यांच्या उघड्या तोंडांना जोडणीपर्यंत टोप्या घालून ठेवतात, त्या याचसाठी.