थांबायचं किती? बदकाच्या मादीचा हिशेब

(ठाण्यातील एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मार्च-एप्रिलमध्ये ठाण्याच्या खाडीवरचे थापटे आणि तलवार बदकं उत्तरेची वाट धरतात. आपण दुर्बिणी आवरून ठेवतो, आणि मादीचा खरा पेच तिथून पुढे सुरू होतो. विणीच्या जागी पोचल्यावर पहिलं अंडं कधी घालायचं?

लवकर घातलेलं बरं. उत्तरेचा उन्हाळा आखूड असतो, उशिराच्या पिल्लाला थंडीआधी पंखांत बळ यायला दिवस पुरत नाहीत. पण मादी प्रवासाने रोडावलेली असते. चार दिवस चरली तर एखादं अंडं वाढेल, मात्र तेवढ्यात सगळ्याच अंड्यांची किंमत उतरेल. मृगाच्या पहिल्या सरीवर पेरायचं की वाफसा येईपर्यंत थांबायचं, तसंच हे.

१९९४ मध्ये रो, लुडविग आणि श्लुटर या संशोधकांनी पक्ष्यांचा हा पेच गणितात मांडला. त्याचं साधं रूप फळ्यावर लिहितो, आकडे समजुतीपुरते माझे. आज तीन अंडी, प्रत्येक पिल्लू जगण्याची शक्यता ३० टक्के. हिशेब, म्हणजे सरासरीने जगणारी पिल्लं, ०.९०. चार दिवसांनी चार अंडी, शक्यता २४ टक्के. हिशेब ०.९६. आणखी चार दिवसांनी पाच अंडी, पण १८ टक्के. पुन्हा ०.९०. म्हणजे तिने चार दिवस थांबावं.

आता तेवढ्याच वजनाची दुसरी मादी चार दिवस उशिरा आली तर? तिचा हिशेब दोनच दिवस थांबून सर्वात चांगला लागतो, आणि अंडीही सरासरीने कमी पडतात. उशिरा येणारीला थांबण्याची चैन परवडत नाही. मला या गणितातली सर्वात सुंदर गोष्ट हीच वाटते: तारीख आणि वजन वेगवेगळे मोजून चालतच नाही.

हे पडताळलं गेलं आयडर या उत्तरेच्या थंड समुद्रावरच्या बदकावर. ते आपल्याकडे येत नाही. कॅनडातल्या हडसन उपसागराच्या उत्तरेला, साउदॅम्प्टन बेटाजवळ, आल्या आल्या माद्यांना जाळ्यात धरून तोलतात. अंड्यांवर बसली की ही मादी साधारण २५ दिवस जवळजवळ काहीच खात नाही, म्हणून अंगावरचा साठा तिच्यासाठी जिवाचा प्रश्न. तिथे अंगाने भरलेल्या माद्यांनी लवकर अंडी घातली, आणि जास्त घातली.

मागच्या रांगेतल्या ताईंनी विचारलं, यात आपल्या खाडीचं काय? चरबी हिवाळी मुक्कामी, वाटेतल्या थांब्यांवर आणि विणीच्या जागी साठते. कुठे किती, ते जातीगणिक बदलतं. पण पहिला मुक्काम इथे, आपल्या चिखलात आहे. म्हणून फेब्रुवारीत फोटोसाठी होडी थव्याच्या अगदी जवळ नेलेली मला बघवत नाही. थवा उडतो, घिरट्या घालतो, लांब जाऊन बसतो. तेवढा वेळ खाणं बंद आणि साठवलेल्या चरबीचा खर्च चालू.