भीमेकाठचे महाचैत्य

समोर वाहते आहे ती भीमा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे वारकरी जिला चंद्रभागा म्हणून हात जोडतात, तीच नदी पंढरपूर मागे टाकून कलबुर्गी जिल्ह्यातील सन्नतीजवळ येते. काठावर उभे असलेले हे पांढऱ्या वस्त्रांतील बौद्ध उपासक निपाणीहून विजापूर, सिंदगी, जेवरगीमार्गे रात्रभर प्रवास करून आले आहेत. एप्रिल १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत बहिष्कृत परिषद भरली, ती याच निपाणीत.

सन्नतीत चंद्रलांबा परमेश्वरीचे देवालय आहे. त्याच्या आवारातील कालीमंदिराचे छत १९८६ मध्ये कोसळले, मूर्ती भंगली, आणि ती ज्या शिळेवर बसवली होती त्या शिळेच्या दोन्ही अंगांवर ब्राह्मी अक्षरे आढळली. मूर्ती रोवण्यासाठी मधोमध खोदलेल्या या चौकोनी खाचेत काही ओळी कायमच्या गेल्या. उरलेल्या ओळी सम्राट अशोकाच्या आज्ञांच्या आहेत आणि त्यांत त्याचा बारावा लेखही आहे. केवळ आपल्याच पंथाची थोरवी गाऊन दुसऱ्याच्या पंथाला उणे लेखू नये, असे सांगणारा हा लेख देवीच्या मूर्तीला आधार देत राहिला.

तेथून जवळच कनगनहळ्ळी आहे. १९९४ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने येथील टेकाड उकरले, तेव्हा तेथील शिलालेखांनी ज्याला ‘अधोलोक महाचैत्य’ म्हटले आहे तो स्तूप प्रकट झाला. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे तीनशे वर्षे तो घडत, वाढत गेला. आपल्या जुन्या घरांतील शहाबादी फरशी ज्या भागातून येते, तेथलाच हा चुनखडक. मात्र येथे कारागिरांनी त्यात हस्तिदंताची नजाकत आणली आहे. आता कॅमेरा शिळांवरून सावकाश सरकतो आहे. कुठे बोधिवृक्ष, कुठे धम्मचक्र, कुठे रिकामे आसन आणि त्यापुढे पदचिन्हे: बुद्धांची मूर्ती न घडवता त्यांचे अस्तित्व दाखवण्याची ही जुनी रीत. पुढच्या काळातील बुद्धमूर्तीही याच स्तूपाशी मिळाल्या आहेत.

आणि हे ते शिल्प. राजा, शेजारी राणी, छत्र-चामरे धरलेल्या सेविका, आणि वर कोरलेली दोन प्राकृत पदे: ‘राया असोको’. ‘राया’ या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला कोणी सांगावा लागत नाही. दुसऱ्या एका शिळेवर सातवाहन राजा सातकर्णी महाचैत्याला रुप्याची कमळे अर्पण करतो आहे. पैठणचे हे राजघराणे आम्हां बेळगावकरांनाही परके नाही, कारण शहरातील वडगाव-माधवपूरच्या उत्खननात सातवाहनकाळातील नगराचे अवशेष मिळाले आहेत. राज्यांच्या सीमा फार अलीकडच्या आहेत.

उत्खननानंतर अनेक शिळा दीर्घकाळ उघड्यावर पडून होत्या. स्तूपाच्या पुनर्रचनेचे काम पुढे हाती घेण्यात आले.

आता ऊन चढले आहे. पादत्राणे बाहेर ठेवून मंडळी रांगेने निघाली आहेत. चैत्य उजव्या हाताला ठेवून, प्राचीन यात्रिक चालत त्याच दिशेने, पहिली प्रदक्षिणा सुरू होते. पुढे चालणाऱ्या आजींनी निपाणीहून आणलेली कमळे पदराखाली झाकून धरली आहेत.