पडत्या काळात आपल्या आयुष्याचं मोल

नमस्कार श्रोतेहो.

घरातलं दुखणं लांबलंय, नोकरी सुटलीय, दुकानाचं भाडं थकलंय किंवा घरातलं माणूसच गेलंय. अशा वेळी भेटायला आलेलं कुणी म्हणतं, "जे उरलंय त्याबद्दल देवाचे आभार माना," आणि ऐकणाऱ्याच्या मनात राग उसळतो. तो राग योग्यच आहे. पडत्या काळातही आपल्या आयुष्याचं मोल कळतं, त्याबद्दल बरंही वाटतं, पण ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून होत नाही. आणि दुःख लोटून देऊन तर मुळीच होत नाही. याला एक क्रम आहे. आधी दुःखाला वेळ, मग दिवसाला घडी, मग वही. पुन्हा सांगते, कारण पुढे सगळं यावरच आहे. आधी दुःखाला वेळ, मग दिवसाला घडी, मग वही.

हा क्रम समजून घ्यायला आपल्या इंदूरकरांना लांब जायला नको. राजवाड्यासमोरच्या बागेत ज्यांचा पुतळा आहे, त्या अहिल्याबाईंकडेच जाऊ. त्यांची कीर्ती तुम्हाला माहीत आहे. काशी, सोमनाथ, घाट, धर्मशाळा, सगळं पाठ आहे. मला सांगायचंय ते त्यांच्या घरातलं. 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. 1766 साली सासरे मल्हारराव गेले, ज्यांनी सुनेला दौलतीचा कारभार शिकवला होता. पुढच्याच वर्षी, 1767 मध्ये, एकुलता एक मुलगा मालेराव गेला. उरली मुलगी मुक्ताबाई. तिचा मुलगा, म्हणजे अहिल्याबाईंचा नातू, तोही गेला. आणि 1791 साली जावई यशवंतराव फणसे वारले, तेव्हा मुक्ताबाईंनी सती जायचं ठरवलं.

अहिल्याबाईंचं वय तेव्हा सहासष्ट. त्यांनी मुलीला परोपरीनं विनवलं. आई म्हणून विनवलं, राज्य करणारी बाई म्हणून विनवलं. मुलगी ऐकेना. सतीच्या चालीचं मला तिळभरही कौतुक नाही आणि कुणी करू नये. या गोष्टीत पाहायची ती मागे राहिलेली आई.

हे सगळं आपल्याला कळतं ते जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यामुळे. 1818 नंतर काही वर्षं तो आपल्या महूला होता आणि अहिल्याबाईंना पाहिलेली माणसं तेव्हा हयात होती. त्यांना विचारून विचारून त्यानं लिहून ठेवलं. तो सांगतो की चितेजवळ अहिल्याबाईंना दोन ब्राह्मणांनी दंडाला धरून ठेवलं होतं. बराच वेळ त्यांनी धीर धरला, पण ज्वाळा उठल्या तेव्हा तो सुटला. आक्रोश करत त्यांनी आपलेच हात चावले, कारण ते सोडवून घेता येत नव्हते. मग नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या. पुढचे तीन दिवस त्यांनी जवळपास काही खाल्लं नाही आणि तोंडातून एक शब्द काढला नाही.

तीन दिवस, श्रोतेहो. तोवर चोवीसएक वर्षं राज्य चालवलेली बाई तीन दिवस बोलली नाही. त्या तीन दिवसांत त्यांना कुणी "सावरा" म्हटलं असेल का, ठाऊक नाही. म्हटलं असेल तर त्यांनी ऐकलं नाही, एवढं दिसतं. दुःखाला वेळ द्यायचा म्हणजे हे. माणूस गेलेल्या घरात आठवड्याच्या आत जाऊन "बघा, मुलं तरी तुमची गुणी आहेत" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. त्या घरी जायचं तर पोळी-भाजीचा डबा न्यावा, बसावं, बोललंच पाहिजे असं नाही.

त्या शोकातून उठल्यावर अहिल्याबाईंनी काय केलं? गेलेल्यांचं सुंदर स्मारक बांधायला घेतलं, आणि त्यात त्यांना विसावा मिळाल्यासारखा दिसला, असं माल्कम लिहितो. दुःखाला त्यांनी हातानं करायचं काम दिलं.

आता त्यांची दिनचर्या ऐका, तीही त्यानंच नोंदवलेली. पहाटे, उजाडण्याआधी तासभर उठायचं. पूजा. ठरावीक वेळ पोथी ऐकायची. मग दानधर्म, आणि ब्राह्मणांना जेवण स्वतःच्या हातानं वाढायचं. त्यानंतर स्वतःचं जेवण, साधं, शाकाहारी. पुन्हा प्रार्थना, थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो संध्याकाळी सहापर्यंत. मग दोन-तीन तास पूजाअर्चा आणि हलकं जेवण. रात्री नऊला पुन्हा कामकाज, अकरापर्यंत. मग झोप. पाहा, स्वतःच्या पानाआधी दुसऱ्याचं पान. ही रोजची घडी होती, मन लागलं तर करू अशी नव्हती.

आणि आता या सगळ्यातली मला सगळ्यात प्रिय गोष्ट. अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर. त्याच्या आसपास शेतकऱ्यांना एक दृश्य नेहमीचं होतं. भर उन्हात औत चाललंय, बैल दमलेत, आणि अहिल्याबाईंचा माणूस पाणी घेऊन येतो. औत थांबतं. बैल पाणी पितात. मग काम पुढे सुरू. निमाडातला उन्हाळा ज्यांनी सोसलाय त्यांना या पाण्याची किंमत सांगायला नको. शिवाय अहिल्याबाईंनी काही शेतं विकत घेऊन ठेवली होती, पाखरांसाठी. त्यांचं म्हणणं असं की शेतकरी पाखरं हाकलतो ते रास्तच आहे, त्याचं पोट त्या दाण्यांवर आहे. मग पाखरांनी जावं कुठे? त्यांनी या शेतांत यावं. आणि थवेच्या थवे यायचे.

शेतकऱ्याला दोष नाही, पाखरांनाही उपाशी ठेवणं नाही. मला तर वाटतं शाळेच्या पुस्तकात देवळांच्या आणि घाटांच्या यादीआधी हे बैल आणि ही पाखरं यावीत. यादी मुलं परीक्षेनंतर विसरतात, तहानलेला बैल विसरत नाहीत.

अहिल्याबाई मनात देवाला काय म्हणत होत्या, ते कुणाला कळायचं नाही. पण ज्या बाईचा नवरा, मुलगा, नातू, मुलगी गेली, तिला अनोळखी शेतकऱ्याच्या बैलाची तहान दिसत होती. आपल्याकडे देण्यासारखं अजून काही आहे, हे ज्याला रोज हातानं कळतं, त्याला आपलं आयुष्य रिकामं वाटत नाही. म्हणून घडीत रोज एक तरी देणं ठेवा. लहान चालेल. गच्चीवर चिमण्यांसाठी पाण्याचं परळ, दूधवाल्याला उन्हाचा गार पाण्याचा तांब्या. आपल्या इंदूरच्या लोकमान्य नगरात, राजेंद्र नगरात पूर्वी घरांना ओटे होते, येणारा-जाणारा टेकायचा, पाणी मागायचा. फ्लॅटच्या जाळीच्या दारानं ते बंद केलं. बिल्डरांनी खाली एक बाकडं आणि एक माठ ठेवला तरी पुष्कळ होईल.

आता वहीकडे येते. शंभर पानी साधी वही आणि पेन घ्या, उशाशी ठेवा. मोबाईलवर नको, तिथं लिहिता लिहिता निरोप येतात आणि मन भलतीकडे जातं. पहिला आठवडा रोज रात्री, त्या दिवसातल्या तीन बऱ्या गोष्टी लिहायच्या, आणि प्रत्येकीखाली ती का घडली ते लिहायचं. हे "का" गाळू नका. नुसतं "कुटुंब, आरोग्य, देव" लिहिलंत तर चौथ्या दिवशी वही कंटाळवाणी होईल. त्याऐवजी असं लिहा: "एमवाय हॉस्पिटलच्या वॉर्डात शेजारच्या खाटेजवळच्या बाईंनी डब्यातली पोळी दिली. का? मी सकाळपासून खाल्लं नाही हे त्यांनी पाहिलं होतं." कारण लिहिलं की त्यामागचा माणूस दिसतो, आणि कुणाचं तरी आपल्याकडे लक्ष आहे हे कळतं. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली हा एका आठवड्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. तो करणाऱ्यांची उदासी कमी झालेली सहा महिन्यांनंतरही दिसली.

आठवडा झाला की रोजचं लिहिणं थांबवा आणि आठवड्यातून एक वार धरा, समजा गुरुवार. एका वेळी पाचपर्यंत गोष्टी. रोज का नाही? कारण सवयीनं धार जाते. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिरस्की यांच्या सहा आठवड्यांच्या अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. म्हणजे पहिला आठवडा रोज तीन, कारणासकट. त्यानंतर आठवड्यातून एकदा. एवढं लक्षात ठेवा.

वही चालेनाशी झाली तर वजाबाकी करून पाहा. आयुष्यातली एक चांगली गोष्ट घ्या आणि ती घडलीच नसती तर, असं पंधरा मिनिटं लिहा. ते स्थळ सांगून आलंच नसतं तर? त्या दिवशी ती बस चुकली नसती तर? 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपण जोडीदाराला भेटलोच नसतो तर काय झालं असतं हे लिहिणारी माणसं, आपण कसे भेटलो हे लिहिणाऱ्यांपेक्षा आपल्या नात्याबद्दल अधिक समाधानी निघाली.

बिघडतं कुठे, तेही सांगते. दुसऱ्याच्या दुःखाशी तुलना करू नका. "त्याचे तर दोन्ही पाय गेले, मी बरा," असं म्हणून मिळणारं समाधान घटकाभर टिकतं आणि मागे अपराधीपणा ठेवून जातं. मारणाऱ्या, छळणाऱ्या माणसाचे आभार वहीत लिहू नका, तिथं मदत मागायची असते. घरातल्या दुसऱ्याच्या हातात वही कोंबू नका, विशेषतः सासूनं सुनेच्या. आणि सकाळी सकाळी फुलांच्या चित्रावर "धन्यवाद आयुष्या" लिहिलेले निरोप पन्नास जणांना धाडणं, हे काही या कामात धरू नका.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन सतत खाली असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर ते काम वहीचं नाही, डॉक्टरांचं आहे. जगणं नको वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. सरकारची टेली मानस सेवा आहे, नंबर 14416. एक चार चार एक सहा. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत.

शेवटी पत्र. ज्यांनी अडचणीत हात दिला आणि ज्यांचे आभार मानायचे राहून गेले, असं एक माणूस निवडा. एक पानभर, तीनशेक शब्दांचं पत्र लिहा. त्यांनी नेमकं काय केलं, त्यानं तुमचं काय सावरलं, आज तुम्ही कुठे आहात, एवढंच त्यात यावं. परतफेडीची भाषा नको, त्यानं समोरचा अवघडतो. पोस्टात टाकण्यापेक्षा भेटून वाचून दाखवा. गाव लांब असेल तर फोनवर वाचा, पण आधी विचारा की दहा मिनिटं सवड आहे का, आणि पत्र संपेपर्यंत त्यांना मधे बोलू नका म्हणून सांगून ठेवा. नाहीतर "अहो, त्यात काय एवढं" म्हणून ते पहिल्या ओळीलाच तुम्हाला थांबवतील.

नमस्कार.